अहीकामाचा पुत्र गदल्या

ज्यू लोकांच्या पंचांगांत तिश्री महिन्याचे पहिले दोन दिवस नववर्षाच्या सणाचे असतात. हा सण संपतो न संपतो तोंच, महिन्याच्या तिसऱ्या दिवशीं, एक उपवास येतो. त्या दिवशीं शनिवार पडला तर तो एक दिवस पुढें ढकलतात. पण चुकवीत नाहींत. पहाटेपासून तारे दिसेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य करून पाळला जाणारा हा उपवास कोणा राजाच्या, वीराच्या किंवा धर्मसंस्थापकाच्या नांवाचा नाहीं. तो एका कारभाऱ्याच्या नांवाचा आहे. त्या कारभाऱ्याचा अधिकार, मूळ कथा सरळ वाचली तर, दोन महिन्यांहून अधिक टिकला नाहीं. आणि कांहीं विद्वानांचा हिशेब मान्य केला तरी चार-पांच वर्षांपलीकडे गेला नाहीं. त्यानें लढाई जिंकली नाहीं, देऊळ बांधलें नाहीं, ग्रंथ लिहिला नाहीं. अशा मनुष्यासाठीं एखाद्या समाजानें दोन हजारांहून अधिक वर्षें उपाशी रहावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

मोशे, दावीद, शलमोन हीं नांवें आपल्याकडील सुशिक्षितांच्या कानांवरून गेलेलीं असतात. अहीकामाचा पुत्र गदल्या याचें नांव मात्र ज्यांनीं हिब्रू धर्मग्रंथ मुद्दाम वाचला आहे त्यांच्याही लक्षांत क्वचितच असतें. त्याची हकीकत दोन ठिकाणीं आली आहे. राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायांत तिला अवघीं पांच वचनें मिळालीं आहेत. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथांतील चाळीस व एकेचाळीस या दोन अध्यायांत ती सविस्तर आहे. त्या हकीकतीवरून या मनुष्याची योग्यता काय होती व त्याची चूक कोठें झाली, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

प्रथम काळ पाहूं. इसवी सनापूर्वी ५८७ किंवा ५८६ या वर्षीं, दीड वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ चाललेल्या वेढ्यानंतर, यरुशलेम शहर बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या हातीं पडलें. यहूदाचा राजा सिद्कीया पळतांना पकडला गेला. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचे पुत्र मारण्यांत आले, आणि तें दृश्य अखेरचें ठरावें म्हणून मग त्याचे डोळे काढून त्याला बेड्या घालून बाबेलला नेण्यांत आलें. पुढच्या महिन्यांत गारद्यांचा सरदार नबूजरदान शहरांत आला. त्यानें मंदिर, राजवाडा आणि मोठमोठीं घरें जाळलीं, तट पाडले, आणि उरलेल्या लोकांपैकीं अनेकांस धरून नेलें. मागें राहिले ते बहुतेक अगदीं गरीब लोक. ज्यांच्यापाशीं स्वतःचें असें कांहींच नव्हतें, अशांना नबूजरदानानें द्राक्षमळे आणि शेतें वांटून दिलीं. हें औदार्य नव्हे. ओसाड मुलुखांतून खंडणी येत नाहीं, एवढा व्यवहार जेत्यांना कळत होता.

या मागें राहिलेल्या लोकांवर बाबेलच्या राजानें गदल्याची नेमणूक केली. मूळ हिब्रू भाषेंत नेमणूक केली एवढेंच क्रियापद आहे. सुभेदार, राजा किंवा अधिपति अशी कोणतीही पदवी त्याच्या नांवाला जोडलेली नाहीं. भाषांतरकार आपल्या सोयीसाठीं पदवी घालतात. मूळ लेखकानें ती घातली नाहीं, आणि पुढील हकीकत वाचल्यावर ती नाहीं हेंच योग्य वाटूं लागतें.

हा मनुष्य कोण होता? त्याचें घराणें राजवंशाचें नव्हतें, लेखकांचें होतें. त्याचा आजा शाफान हा योशीया राजाचा चिटणीस. इसवी सनापूर्वी ६२२ च्या सुमारास मंदिराची डागडुजी चालली असतां नियमशास्त्राचा जो ग्रंथ सांपडला, तो राजाला वाचून दाखविणारा हाच शाफान. त्या प्रसंगांतील एक बारीक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. डागडुजीचे पैसे सुतार, गवंडी वगैरे कारागिरांची कामें पाहणाऱ्या लोकांच्या हातीं द्यावयाचे होते, आणि ते प्रामाणिकपणें वागतात म्हणून त्यांच्याकडून हिशेब मागूं नये अशी राजाज्ञा होती. ती आज्ञा घेऊन जाणारा शाफानच. माणसावर विश्वास टाकावा म्हणजे तो त्या विश्वासास जागतो, हा धडा या घराण्याला असा प्रत्यक्ष कारभारांतून मिळालेला होता.

शाफानाचा पुत्र अहीकाम हा गदल्याचा बाप. मंदिराचा नाश होईल असें भाकीत केल्यामुळें यिर्मयाला ठार मारावें म्हणून जमाव खवळला, तेव्हां त्याला पाठीशीं घालून वांचविणारा अहीकाम होता. शाफानाचा दुसरा पुत्र गमऱ्या. याच्या कचेरींत यिर्मयाची गुंडाळी मोठ्यानें वाचली गेली, आणि यहोयाकीम राजा ती गुंडाळी तुकडे करकरून शेगडींत टाकीत असतां ती जाळूं नये म्हणून विनविणाऱ्या तिघांपैकीं हा एक. या गमऱ्याच्या मुद्रेचा मातींतील ठसा १९८२ सालीं यरुशलेमच्या जुन्या भागांतील उत्खननांत सांपडला. घरें जळालीं त्या आगींत ती माती भाजून पक्की झाली होती. ज्या आगीनें कागदपत्र नाहींसे केले, तिनेंच त्यांच्यावरील ठसे टिकविले. तिसरा पुत्र एलासा. बाबेलांत नेलेल्या कैद्यांना यिर्मयानें जें प्रसिद्ध पत्र पाठविलें, तें घेऊन जाणाऱ्या दोघांपैकीं तो एक होता. घरें बांधा, बागा लावा, मुलाबाळांचीं लग्नें करा आणि ज्या शहरीं तुम्हांला नेलें आहे त्याचें हित पहा, असा त्या पत्राचा आशय. म्हणजे गदल्या ज्या घरांत वाढला तेथें लेखणी, कायदा आणि अप्रिय सत्य बोलणाऱ्याचें रक्षण या तीन गोष्टींची परंपरा होती. तलवारीची नव्हती.

यरुशलेम जळून गेल्यावर गदल्यानें आपलें ठाणें मिस्पा येथें केलें. हें गांव बन्यामिनाच्या मुलुखांत, यरुशलेमच्या उत्तरेस सुमारें ८ मैलांवर होतें. आज तेल एन-नस्बे म्हणून ओळखली जाणारी टेकडी म्हणजेच मिस्पा, असें बहुतेक संशोधक मानतात. तेथें विल्यम बादे यांच्या देखरेखीखालीं १९२६ ते १९३५ या काळांत उत्खनन झालें. यरुशलेम आणि लाखीश येथें त्या काळच्या आगीच्या खुणा स्पष्ट आहेत. परंतु बन्यामिनाच्या मुलुखांतील गांवें बव्हंशीं वांचलीं होतीं. जेथें घरें उभीं होतीं आणि माणसें होतीं, तेथें जाऊन बसणें हाच या कारभाऱ्याचा पहिला शहाणपणा. राखेच्या राजधानींत बसून मोठेपणा मिरविण्याचा मोह त्याला झाला नाहीं.

यिर्मयाही तेथेंच येऊन राहिला. बाबेलला चलशील तर तुझा सांभाळ करीन, नाहीं तर वाटेल तेथें रहा, असें नबूजरदानानें त्याला सांगितलें होतें. म्हाताऱ्या संदेष्ट्यानें राजदरबारची सोय सोडली आणि गदल्याजवळ गरिबांमध्यें राहणें पत्करलें. ज्याच्या बापानें आपला जीव वांचविला त्याच्या मुलाच्या पाठीशीं उभें राहण्याची ही वेळ आहे, असें त्याला वाटलें असल्यास नवल नाहीं.

आतां गदल्याचें मुख्य कृत्य पहावयाचें. वेढ्याच्या काळांत यहूदाच्या सैन्यांतील कांहीं सरदार आपापल्या माणसांनिशीं रानावनांत दडून बसले होते. देशांत कारभारी नेमला गेल्याचें कळल्यावर ते मिस्पा येथें आले. त्यांत नथन्याचा पुत्र इश्माएल होता, कारेहाचा पुत्र योहानान होता, आणखीही होते. हे हत्यारबंद, हरलेले आणि संतापलेले लोक. त्यांच्यापुढें गदल्यानें शपथपूर्वक जें सांगितलें त्याचा सारांश असा: खास्द्यांची चाकरी करण्यास भिऊं नका, देशांत रहा, तुमचें बरें होईल. जे खास्दी आपल्याकडे येतील त्यांच्यापुढें मिस्पा येथें मी उभा राहीन. तुम्ही आपले द्राक्षारस, उन्हाळी फळें आणि तेल गोळा करून भांड्यांत भरा, आणि ज्या गांवांत तुम्ही शिरलां आहां त्यांतच वस्ती करा.

या थोडक्या शब्दांत पुष्कळ अर्थ आहे. हिब्रू भाषेंत कोणापुढें उभें राहणें हा चाकरीचा शब्द आहे. हुजऱ्या राजापुढें उभा राहतो, संदेष्टा देवापुढें उभा राहतो. जो बसतो तो धनी, जो उभा राहतो तो सेवक. गदल्या सांगतो कीं उभें राहण्याचें काम माझें. जेत्यापुढें मान लवविण्याचा जो अपमान आहे तो मी एकटा सोशीन. तुम्ही त्यांच्या दृष्टीसही पडूं नका, आपल्या मळ्यांत जा. परचक्राखालीं अधिकार मिळालेले लोक बहुधा याच्या उलट वागतात. ते धन्यासमोर उभे राहतात खरे, पण त्या उभें राहण्याचा मोबदला खालच्या लोकांकडून बसून वसूल करतात. गदल्यानें अपमान आपल्याकडे ठेवला आणि पीक लोकांकडे दिलें. अधिकार ही चाकरी आहे असें आज व्यासपीठांवरून पुष्कळदां सांगितलें जातें. त्या वाक्याला व्यवहारांत काय अर्थ असतो तो येथें दिसतो.

दुसरी गोष्ट ऋतूची. मंदिर जळलें तो वर्षाचा पांचवा महिना, म्हणजे ऐन उन्हाळा. वेढ्यामुळें धान्याच्या पेरणी-कापणीची दैना झालेली. पण द्राक्षें, अंजीर आणि त्यानंतर जैतुनाचीं फळें हीं झाडांवर तयार होत होतीं, आणि तोडणारे हात नव्हते. थोड्या आठवड्यांत तीं गळून, सडून गेलीं असतीं आणि पुढें हिवाळ्यांत उपासमार झाली असती. म्हणून गदल्याचें पहिलें फर्मान कराचें नाहीं, बंदोबस्ताचें नाहीं. फळें तोडण्याचें आहे. मवाब, अम्मोन, अदोम अशा शेजारच्या देशांत पळून गेलेले लोक ही वार्ता ऐकून परत आले, आणि त्या वर्षीं द्राक्षारस व उन्हाळी फळें विपुल जमलीं अशी ग्रंथाची साक्ष आहे. मिस्पा येथें आणि आसपास भांड्यांच्या मुठींवर मोसा या गांवाच्या नांवाचे ठसे मारलेले पुष्कळ तुकडे सांपडले आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य खुद्द तेल एन-नस्बे येथील आहेत. बाबेलच्या अमदानींत तेथें द्राक्षारस किंवा तेल यांचा जो सरकारी जमाखर्च होई त्याचे हे अवशेष असावेत, असें संशोधक समजतात.

आणखी दोन मुद्रांचा उल्लेख येथें करणें उचित होईल. १९३२ सालीं तेल एन-नस्बे येथील एका थडग्यांत गोमेदाच्या दगडाची एक मुद्रा मिळाली. तिच्यावर झुंजणाऱ्या कोंबड्याचें चित्र आणि याजन्या, राजाचा सेवक, अशा अर्थाचीं अक्षरें आहेत. गदल्याकडे आलेल्या सरदारांत या नांवाचा एक होता. तोच हा असावा असा अनेकांचा तर्क आहे. १९३५ सालीं लाखीश येथें गदल्या नांवाच्या राजवाड्यावरील अधिकाऱ्याचा ठसा सांपडला. तो याच गदल्याचा कीं दुसऱ्या कोणाचा याविषयीं एकमत नाहीं. पण राजाचा सेवक ही पदवी आपल्या उपयोगाची आहे. त्या काळीं ती हलकी समजली जात नसे. मोठमोठे अधिकारी ती मुद्रेवर कोरून मिरवीत. मात्र तेथें सेवा होती ती वरच्याची. गदल्यानें त्याच शब्दाची दिशा फिरविली आणि खालच्यांसाठीं वरच्यापुढें उभें राहण्यास सेवा मानलें, हें त्याचें वेगळेपण.

आतां दुःखाची बाजू. योहानान आणि इतर सरदार गदल्याकडे आले आणि म्हणाले कीं, अम्मोनी लोकांचा राजा बालीस यानें तुझा प्राण घेण्यासाठीं इश्माएलाला पाठविलें आहे. या बालीसाच्या एका अधिकाऱ्याचा मुद्रेचा ठसा जॉर्डनमधील तेल एल-उमैरी येथें १९८४ सालीं मिळाला. तोंपर्यंत या राजाचें नांव धर्मग्रंथाबाहेर कोठेंच नव्हतें. इश्माएल राजवंशांतला होता. लेखकाच्या घराण्यांतील मनुष्यानें आपल्या वाडवडिलांच्या देशांत कारभार करावा, आणि तोही शत्रूच्या नेमणुकीनें, हें त्याला खुपलें असेल. परंतु त्याच्या मनांत काय होतें तें ग्रंथ सांगत नाहीं. गदल्यानें या इशाऱ्यावर विश्वास ठेवला नाहीं. मग योहानान एकांतांत भेटला. मला परवानगी दे, मी इश्माएलाला कोणाला न कळतां मारून टाकतों. तुझा जीव गेला तर जमलेले सारे लोक पुन्हां पांगतील आणि यहूदाचा अवशेष नष्ट होईल, असें त्यानें सांगितलें. गदल्यानें त्याला स्पष्ट मनाई केली, आणि तूं इश्माएलाविषयीं खोटें बोलत आहेस असें म्हटलें.

सातव्या महिन्यांत इश्माएल दहा माणसें घेऊन मिस्पा येथें आला. गदल्यानें त्यांना जेवूं घातलें. एकत्र जेवण चाललें असतांच ते उठले आणि त्यांनीं गदल्यास तलवारीनें ठार केलें. त्याच्याबरोबरचे यहूदी आणि तेथें असलेले खास्दी शिपाई यांसही मारलें.

त्यानंतरच्या दिवशीं घडलें तें अधिक भयंकर आहे. शखेम, शिलो आणि शोमरोन येथून ८० माणसें, दाढ्या काढलेलीं, वस्त्रें फाडलेलीं, हातांत अर्पणें घेतलेलीं, जळालेल्या मंदिराच्या जागेकडे यात्रेला चाललीं होतीं. खुनाची वार्ता अद्याप बाहेर गेली नव्हती. इश्माएल रडत रडत त्यांना सामोरा गेला आणि गदल्याकडे चला असें म्हणाला. ते आंत आले. त्यानें त्यांपैकीं ७० जणांस कापून एका टाक्यांत टाकलें. आमच्याजवळ गहूं, जव, तेल आणि मध यांचे साठे शेतांत लपविलेले आहेत असें सांगितल्यामुळें दहा जण वांचले. हें टाकें आसा राजानें पूर्वीं शत्रूच्या भीतीनें, संरक्षणासाठीं खणविलेलें होतें.

या प्रसंगांत गदल्याच्या लौकिकाची जी साक्ष आहे ती कोणत्याही स्तुतिपाठापेक्षां मोठी आहे. ते यात्रेकरू उत्तरेकडील मुलुखांतले. त्यांचें राज्य पूर्वींच, इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास, बुडालेलें. यहूदाच्या कारभाऱ्याशीं त्यांचा कांहीं संबंध नव्हता. तरी गदल्याचें नांव घेतांच ते निःशंकपणें वेशीच्या आंत आले. मारेकऱ्यालाही लोकांना जवळ आणण्यासाठीं आपण मारलेल्या मनुष्याचेंच नांव वापरावें लागलें.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येते. इश्माएल मिस्पांतील लोकांना व राजकन्यांना बंदिवान करून अम्मोनाकडे निघाला. गिबोनच्या मोठ्या तळ्याजवळ योहानानानें त्याला गांठलें. बंदिवान आनंदानें परत फिरले आणि इश्माएल आठ माणसांनिशीं निसटला. पण योहानानाच्या भाकिताचा दुसरा भाग खरा ठरला. बाबेलचा राजा आपल्या नेमणुकीचा सूड घेईल या भीतीनें लोक मिसर देशाकडे निघाले. बेथलेहेमजवळ थांबून त्यांनीं यिर्मयाला सल्ला विचारला. दहा दिवसांनीं त्यानें येथेंच रहा असें सांगितलें, आणि तें त्यांनीं ऐकलें नाहीं. त्याला व त्याचा लेखक बारूख यालाही ते आपल्याबरोबर मिसरांतील तहपन्हेस येथें घेऊन गेले. भरलेलीं भांडीं मागें राहिलीं. नबुखद्नेस्सराच्या तेविसाव्या वर्षीं आणखी ७४५ यहूदी धरून नेल्याची नोंद यिर्मयाच्या ग्रंथाच्या शेवटीं आहे. ती या खुनाची शिक्षा असावी, असें कांहीं विद्वान समजतात.

गदल्याला दोष द्यावा कीं नाहीं? ज्यू आचार्यांनीं या प्रश्नाला टाळलें नाहीं, ही त्यांची थोरवी. बाबिलोनी तलमुदांत त्याच्याविषयीं दोन मतें दोन ठिकाणीं आहेत. एके ठिकाणीं, नववर्षाच्या प्रकरणांत, या उपवासाचें कारण देतांना सत्पुरुषाचा मृत्यु हा देवाच्या मंदिराच्या दहनाइतकाच मोठा आहे, असा अर्थ काढलेला आहे. दुसऱ्या ठिकाणीं त्याच्यावर कठोर ठपका आहे. टाक्यांतील प्रेतांविषयींच्या मूळ हिब्रू वाक्यांत तीं गदल्याच्या हातें मेलीं असा अर्थ निघण्याजोगी चमत्कारिक शब्दरचना आहे. मारलें इश्माएलानें, मग गदल्याच्या हातें कसें? आचार्य उत्तर देतात कीं, योहानानाच्या इशाऱ्याकडे त्यानें लक्ष द्यावयास हवें होतें. तें दिलें नाहीं म्हणून तो खून त्याच्याच माथीं. तेथेंच एक मार्मिक भेद केला आहे: दुसऱ्याविषयींची निंदा खरी मानूं नये, पण ती ऐकून सावध मात्र रहावें.

आम्हांस वाटतें कीं या भेदांतच गदल्याच्या चरित्राचा खरा धडा आहे. त्याच्यापुढें दोनच मार्ग होते असें योहानानाला वाटलें आणि दुर्दैवानें गदल्यालाही वाटलें: इश्माएलावर पूर्ण विश्वास टाकावयाचा किंवा त्याला गुपचूप मारावयाचें. दुसरा मार्ग नाकारण्यांत गदल्या शंभर टक्के बरोबर होता. केवळ संशयावरून, चौकशीशिवाय, रात्रींतून माणूस नाहींसा करणारा कारभारी मिस्पा येथें बसला असता तर परदेशांतून परत आलेल्या लोकांनीं कोणत्या भरंवशावर फळें तोडलीं असतीं? ज्या शपथेवर तो सारा डोलारा उभा होता ती त्यानेंच मोडली असती. परंतु या दोहोंच्या मध्यें तिसरा मार्ग उघडा होता. इश्माएलाला दोषी न ठरवतां दारावर पहारा ठेवतां आला असता. दहा हत्यारबंद पाहुण्यांना हत्यारें बाहेर ठेवावयास सांगतां आलें असतें. योहानानाला खुनाची परवानगी नाकारून त्यालाच त्या दिवशीं जेवणास बोलावतां आलें असतें.

हें त्यानें कां केलें नाहीं? त्याचें मन असें समजतां येतें. निःस्वार्थी मनुष्य आपल्या जिवाची काळजी करणें हा स्वार्थ समजतो. माझा जीव गेला तर गेला, पण मी संशयी होणार नाहीं, अशी त्याची वृत्ति असते, आणि एकट्या माणसाच्या बाबतींत ती उदात्तही असते. परंतु ज्यानें दुसऱ्यांसाठीं उभें राहण्याचें पत्करलें त्याचा जीव त्याच्या एकट्याचा राहिलेला नसतो. योहानानानें त्याला नेमकें हेंच सांगितलें होतें: प्रश्न तुझा नाहीं, जमलेल्या लोकांचा आहे. गदल्यानें इशारा ऐकला तो स्वतःच्या भयाच्या मापानें मोजला, लोकांच्या भयाच्या मापानें नाहीं. आजाच्या वेळीं कारागिरांचा हिशेब न मागण्यानें फार तर थोडें द्रव्य गेलें असतें. येथें गमावण्याची वस्तु दुसऱ्यांचे प्राण होते. विश्वास हा सद्गुण खरा. परंतु जी ठेव आपली नाहीं ती केवळ विश्वासावर उघडी टाकण्याचा अधिकार विश्वस्ताला नसतो. त्या सत्तर यात्रेकरूंनीं गदल्याच्या सौजन्याची किंमत दिली, त्यानें एकट्यानें नाहीं.

आणखी एक उणीव कथेंतच दिसते. सगळी व्यवस्था एका माणसाच्या उभें राहण्यावर टेकलेली होती. तो पडतांच, हातीं सैन्य असलेल्या योहानानालाही लोकांना थोपवून धरतां आलें नाहीं. सेवा करणाऱ्यानें आपलें ओझें थोडें इतरांच्या खांद्यांवर देणें हाही सेवेचाच भाग आहे. नाहीं तर लोक निर्धास्त होतात पण समर्थ होत नाहींत.

त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप करणारे तेव्हांही असतील. शत्रूच्या नेमणुकीनें अधिकार घेणें ही गोष्ट कोणाही स्वाभिमानी मनाला बोंचते, आणि बोंचावी. पण कसोटी नेमणुकीची नसून वापराची आहे. इश्माएलानें स्वातंत्र्याच्या नांवानें म्हणा, वंशाच्या नांवानें म्हणा, जें केलें त्याचें फळ काय? खास्दी गेले नाहींत, यहूदीच गेले. गदल्यानें परक्यांची सत्ता मान्य केली आणि त्या सत्तेखालीं आपल्या माणसांना आपल्या भूमींत पाय रोवण्यापुरती जागा करून दिली. कोणी कोणाची सेवा केली हें या दोन फळांवरून ठरवावें.

मंदिरदहनाचा दुःखदिन आपल्या कोंकणांतही पाळला जातो, हें पुष्कळ मराठी वाचकांस ठाऊक नसेल. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली या नांवानें ओळखले गेलेले बेने इस्राएल लोक त्या उपवासाला बिरड्याचा सण म्हणत आले, कारण तो वालाच्या बिरड्यानें सोडावयाचा. नववर्षाला ते नव्याचा सण म्हणत, आणि गदल्याची तिथि त्याच्या पाठोपाठ येते. त्यांतील बहुसंख्य कुटुंबें १९४८ नंतरच्या दशकांत इस्राएलांत जाऊन राहिलीं. मुंबई, ठाणें, रायगड या भागांत थोडीं अद्याप आहेत. जखऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथांत पांचव्या आणि सातव्या महिन्यांतील उपवासांचा एकत्र उल्लेख आहे. मंदिर गेलें तो एक दिवस आणि मंदिर गेल्यावरही जो उरला होता तो गेला तो दुसरा, असें त्या समाजानें दोन्हींचें दुःख शेजारीं शेजारीं ठेवलें.

पण तें सगळें वायां गेलें असें मात्र नाहीं. मिस्पा ओसाड पडलें नाहीं. तेथील वस्ती बाबेलच्या व पुढें इराणी बादशहांच्या काळांतही चालू राहिली, असें उत्खनन सांगतें. गदल्याच्या मृत्यूनंतर सुमारें एकशें चाळीस वर्षांनीं, इसवी सनापूर्वी ४४५ च्या सुमारास, नहेम्यानें यरुशलेमचा पडका तट पुन्हां बांधावयास घेतला. कोणी कोणता भाग बांधला याची यादी त्याच्या ग्रंथांत दिली आहे. त्या यादींत, गिबोनच्या माणसांच्या शेजारीं, मिस्पाच्या माणसांचें नांव आहे.